साखऱ्याच्या आगाराचा पाया

साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली
दि. १० मार्च

चि. रविंद्र यास,

थोरला भाऊ ग्यानोबा याचा सप्रेम जय भीम आणि आशीर्वाद. तू, सौ. ऐश्वर्या आणि चि. आयुष तिघंही नाशिकला सुखरूप असाल असं धरून चालतो. तुझी कंबर कशी आहे ते कळव. (मला नको, मायला कळव. मी सांगितलेलं ती खरं धरत नाही.) मायची तब्येत वयाच्या मानानं बरी आहे. डाव्या डोळ्यानं कमी दिसतं, पण कामचुकार माणूस तिला अजूनही गल्लीच्या टोकापासून ओळखू येतो. तुझी वहिनी करुणा ठणठणीत आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही. हळद काढून, शिजवून झाली. घरात, शेतात आणि गोठ्यात सगळं ठीक आहे. अंगणाबद्दल तसं लिहिता येत नाही, कारण अंगण आता राहिलेलं नाही. तिथे खड्डा आहे.

फोन सोडून पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर तू 'दादा, मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस, आणि हा खड्डा मीटिंगच्या फटीत मावणारा नाही. शिवाय एसटीत, वसमतला आणि पुढे हिंगोलीला, वाहतूक नियंत्रक म्हणून माझी सगळी नोकरी माईकसमोर गेली. त्या नोकरीत मी एकच गोष्ट पक्की शिकलो, की तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही. फलाट क्रमांक चार म्हणून घसा कोरडा करावा आणि लोकांनी सहावर जाऊन उभं राहावं. म्हणून हे लेखी पाठवतो. शांतपणे वाच, आणि वाचताना उभा असशील तर बस.

गेल्या वर्षी जयंतीला तू नवी पांढरी गाडी घेऊन आलास तो दिवस आठव. मिरवणुकीहून येऊन आपण जेवलो, मायनं तुझ्यासाठी आतल्या खोलीत गोधडी घातली, रात्रीच्या पोळ्यांसाठी करुणानं पुरण शिजायला टाकलं, आणि तेवढ्यात वानरांची टोळी आली. आपली वानरं तशी गरीब आहेत. पत्रे वाजवतात, तुरीच्या शेंगा खातात, पण माणसाच्या प्रपंचात पडत नाहीत. नवी कोरी गाडी मात्र त्यांनीही प्रथमच पाहिली होती. एक थोराड वानर टपावर बसलं, दोन वानरं दोन आरशांत आपली तोंडं बघू लागली (त्यातल्या एकाला स्वतःचं तोंड पसंत पडलं नाही, तो आरसा तुला बदलावा लागला), आणि एका पिल्लानं वायपर उपसून आईच्या हातात दिला. तू चहा अर्धा ठेवून उठलास. गाडीला आडोसा असता तर राहिलो असतो, एवढं मायला म्हणालास आणि उन्हातच निघालास. तू ते सहज बोललास हे मला कळलं. मायला कळलं नाही. तिनं ते पक्कं धरलं. ती गोधडी तिनं आठवडाभर कुणाला उचलू दिली नाही. पुढच्या बाजारच्या दिवशी तिनं स्वतःच तिची घडी घातली आणि मला म्हणाली, "त्याच्या गाडीला घर बांध. मंग तो राहीन." मी निवृत्त झालो, घराला रंग दिला, बोअर घेतली, तेव्हा मायनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आयुष्यात मागितलं ते हे एवढंच.

खासगी वाहनाबद्दल माझं मत तुला माहीत आहे, त्यामुळे ते इथे लिहीत नाही. (ते मत बदललेलं नाही.) पण मायचा शब्द पडला, म्हणून मी कामाला लागलो. गाडीचं घर म्हणजे चार भिंती आणि वर पत्रा, एवढीच माझी समजूत होती. आपल्या घराचं बांधकाम इब्राहीम मिस्त्रींनी केलेलं, म्हणून त्यांनाच बोलावलं. ते आले, अंगणात उकिडवे बसले, एक ढेकूळ उचलून बोटांनी चुरलं आणि म्हणाले की भिंतीचं मागून बघू, आधी पाया कोणता ते ठरवा. आपली माती काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून वरचं सगळं उचलते. स्वयंपाकघराच्या भिंतीला जो तडा गेला आहे, ज्यात माय काडेपेटी ठेवते, तो याच मातीनं दिलेला आहे. कापसाला ही माती आई आहे. भिंतीला सावत्र.

इब्राहीम मिस्त्री सोन्यासारखा माणूस. त्यांचा दोष एकच, त्यांच्यानं कुणाला नाही म्हणवत नाही. समोरचा काहीही सांगो, ते पूर्ण ऐकून घेतात, दाढीवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "बराबर." मी म्हटलं, आपल्या घरासारखा दगडी पाया घालू. ते म्हणाले, बराबर. लगेच तीन बाजूंनी चर खोदून घेतले, आणि वाटेची बाजू दारासाठी सोडली. तिथेच थांबलो असतो तर हे पत्र एका पानात संपलं असतं.

पण मी जवळा बाजारला सरकीसाठी गेलो आणि तिथे अमरसिंग भेटला. अमरसिंग माझा जुना प्रवासी. वसमतला रोज ये-जा करायचा आणि रोज भांडायचा, त्यातून ओळख वाढली. आता त्याचं सिमेंट-सळईचं दुकान आहे, त्यामुळे त्याला पडीक रानातही कॉलम दिसतात. तो मुद्दाम साखऱ्याला आला, करुणाच्या हातचा चहा दोनदा प्याला, चर पाहिले आणि मला बाजूला घेऊन गंभीरपणे म्हणाला, "ग्यानोबाराव, काळ्या रानात दगड एका ठिकाणी न्हाई राहत. त्यो बी तुमच्या भावावानी हाय, आला की निघाला." हे त्यानं मायच्या देखत बोलायला नको होतं. चार कोपऱ्यांवर खाली मुरूम लागेपर्यंत खड्डे घ्यायचे आणि त्यातून कॉलम उठवायचे, हे त्या क्षणी ठरलं. मी इब्राहीम मिस्त्रींकडे पाहिलं. ते म्हणाले, बराबर. त्यामुळे चरांना कोपऱ्यांवर खड्डे जोडले गेले.

यानंतर मी स्वतः विचार केला. (करुणाचं म्हणणं, खरी तकलीफ इथून सुरू झाली.) आगारात बस उभी राहते ती जमीन कशी असते, तर सलग एका तुकड्याची. इथे चर, तिथे खड्डा, असलं तिथे काही नसतं. मग आपणही सगळ्या जागेखाली सलग जाड काँक्रीट का घालू नये? माती हलली तर हलू दे, आगार अखंड हलेल, तडा जायचा प्रश्न नाही. या कल्पनेनं मला दोन दिवस इतका आनंद झाला की मी जेवताना आपलं आपण हसत होतो. इब्राहीम मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी या वेळी दाढीवरून दोनदा हात फिरवला, पण म्हणाले बराबरच. मग मी कागदावर मापं काढून जेसीबीवाल्याच्या हातात दिली आणि घरात मोबाईलवर बोलत बसलो.

आता जे लिहितो ते लिहायला मला आठ दिवस लागले. रविंद्र, जन्मभर मी ज्या गाड्या लावल्या, सोडल्या, ज्यांच्या उशिराबद्दल शिव्या खाल्ल्या, त्या सगळ्या एकाच मापाच्या होत्या. गाडी हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर ती एकच गाडी येते. मी मापं काढली ती तिची. पुढून माणूस जायला जागा, मागून जागा, बाजूनं कंडक्टरला उतरायला जागा, असं सगळं नीट धरून. मी बाहेर आलो तेव्हा अंगण फाटकापर्यंत खणून झालं होतं आणि जेसीबीवाला, अजून थोडं रस्त्यात घ्यावं लागेल, असं म्हणत होता. करुणा ओसरीवर पापडाचं पीठ घेऊन उभी होती. हे तिचे वाळवणाचे दिवस, आणि वाळवण घालायची जागा मी खोदून काढलेली. तिनं खड्ड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि मला विचारलं, "भाऊजी गाडी आणून राहिले का एसटी?" तिचं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं ते. तेव्हापासून कुरडया शेजारच्या नानीबाईच्या माळवदावर वाळत आहेत आणि मला त्या दिसतात, पण मिळत नाहीत.

नानीबाईचं नाव निघालंच आहे तर म्हशीचंही लिहितो. मागच्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला. हळदीवर ताडपत्री टाकेपर्यंत खड्ड्यात गुडघाभर पाणी साचलं आणि सकाळी पाहतो तर नानीबाईची म्हैस आत बसलेली. नुसती बसलेली नाही, कायमची राहायला आल्यासारखी बसलेली. पेंड दाखवली, हिरवा चारा दाखवला, तिचं रेडकू आणून काठावर उभं केलं, तिनं मान वळवली नाही. अर्धा गाव जमला. इब्राहीम मिस्त्रींचा भाचा मुबश्शीर त्या दिवशी मामाकडे आला होता. त्यानं इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलेला आहे आणि नांदेडकडे रस्त्याच्या कामावर असतो. तोही काठावर उभा राहिला. मी त्याला चेष्टेनं म्हटलं, बघ, एवढी म्हैस बसली तरी जमीन खचली नाही, आपला पाया पास झाला. इब्राहीम मिस्त्री म्हणाले, बराबर. मुबश्शीर मात्र हसला नाही.

त्यानं जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण त्यामुळे घरातली हवा बदलली. तो म्हणाला, "काका, वजनानं खचायची फिकीर न्हाई. उलटं हाय. घर जड असतंय, ते मातीला दाबून धरतंय. हे गॅरेज हलकं, वर पत्रा, आत कोणी न्हाई. हलक्याला ही माती उचलती." मग घराला चिकटून बांधू नका, दोन्ही वेगवेगळी हलतील आणि दोघांनाही तडे जातील, मध्ये मोकळी जागा सोडा, असंही सांगितलं, पण ते कुणी नीट ऐकलं नाही. कारण माय ओसरीवरून उठून काठी टेकत काठापर्यंत आली होती. तिनं मुबश्शीरला तेच पुन्हा सांगायला लावलं. रिकामं असलं की उचलतं, व्हय का, असं विचारलं. तो म्हणाला, व्हय आजी. माय म्हणाली, "मंग भरलेलं ठिवा." एवढं बोलून ती आत गेली. म्हैसही थोड्या वेळानं आपली आपण उठून निघून गेली.

शेवटी पाया ठरला तो असा. खणलेली काळी माती परत टाकायची नाही. सगळ्या खड्ड्यात मुरूम भरून, पाणी मारून, थरावर थर चोपायचा. माझं माप आखडून तुझ्या गाडीपुरतं करायचं. कोपऱ्यांवर अमरसिंगचे कॉलम, वर बीम, आणि बीमच्या खाली मायच्या हट्टाखातर दगडाचं जोतं. खाली माझं सलग काँक्रीट होणार नाही. (फरशीपुरतं होईल, असं मला सांगण्यात आलं आहे. मी ते मान्य केलं आहे.) मुबश्शीरनं हे कागदावर काढून दिलं. मुरुमाचे ट्रॅक्टर आले, मिस्त्री आले, गवंडी आले, आणि काम थांबलं.

थांबलं ते रीतीमुळे. आपल्या घरातली रीत तू विसरला नसशील. ज्याच्यासाठी बांधायचं, पहिला दगड त्याच्या हातचा. बाबांनी घर काढलं तेव्हा स्वयंपाकघराचा दगड मायनं ठेवला होता. अभ्यासाची खोली काढली तेव्हा तू शाळकरी होतास. तू दगड उचललास, तो तुझ्या अंगठ्यावर पडला, आणि तू रडत रडत पुन्हा उचलून जागेवर ठेवलास. बाबा त्या दिवशी सगळ्या बौद्धवाड्यात सांगत फिरले की पोरगं रडलं पण दगड सोडला न्हाई. त्याच खोलीत बसून तू शिकलास आणि त्याच खोलीतून पेटी घेऊन गेलास. तिथे आता आम्ही हळदीची पोती लावतो. माय अधूनमधून पोत्यांच्या मधल्या जागेत जाऊन बसते. विचारलं तर हळदीला कीड लागली का बघते म्हणते.

मी मायला पुष्कळ समजावलं. म्हटलं, गाडी रविंद्राची असली तरी आगार माझं, दगड मी ठेवतो. तिनं विचारलं, "तुला चालवता येती का गाडी?" हजारो गाड्या सोडणाऱ्या माणसाला एकही चालवता येत नाही, हे ती मला पहिल्यांदाच बोलून दाखवत होती. तेव्हा काम बंद आहे. गवंडी दुसरीकडे गेले. इब्राहीम मिस्त्री रोज सकाळी येतात, काठावर बसतात, चहा घेतात आणि मायशी बोलून जातात.

म्हणून लिहिण्याचा मुद्दा इतकाच, की जयंतीच्या आदल्या दिवशी ये आणि राहा. दगड तुझ्या हातून ठेवून घेऊ म्हणजे पाऊस लागायच्या आत जोतं वर येईल. तुझ्या गाडीची लांबी, रुंदी आणि दार उघडल्यावर लागणारी जागा ऐश्वर्याला मोजायला सांगून कळव. तू मोजू नकोस, मापाच्या बाबतीत आपल्या घराण्याचं नाव फार चांगलं राहिलेलं नाही. ऐश्वर्याला आणि आयुषला सगळ्यांचा जय भीम सांग. तुझ्या उत्तराची वाट बघतो, आणि माझ्यापेक्षा जास्त वाट बघणारं माणूस ओसरीवर बसलेलं आहे हे लक्षात ठेव.

तुझा दादा,
ग्यानोबा

ता. क. १ : वर लिहिताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही, ती मी पत्र वाचून दाखवल्यावर इब्राहीम मिस्त्रींनी लक्षात आणून दिली. खड्डा फाटकापर्यंत आहे, काढलेली माती फाटकाबाहेर गल्लीत आहे, आणि मुरुमाचे ढीग तिच्यापुढे. गाडी आत येऊ शकत नाही, गल्लीतही वळू शकत नाही. बाहेर चौकात लावली तर वानरं आहेतच. म्हणजे गाडी ठेवायला आगार पाहिजे, आगाराला तुझ्या हातचा दगड पाहिजे, आणि तू यायला गाडी पाहिजे. मी यावर तीन दिवस विचार केला. एकच मार्ग दिसतो. तू गाडी आणू नकोस. नाशिकहून रातराणीनं हिंगोलीला ये. कोणत्या बाजूच्या खिडकीत सकाळचं ऊन लागत नाही ते फोनवर सांगतो. मी स्थानकावर फलाटावरच उभा असेन. यात माझा काही हेतू आहे असं समजू नकोस.

ता. क. २ : करुणा काल बोलली. तुला यायचं कळवलं म्हटल्यावर म्हणाली, भाऊजी राहणार असतील तरच पुरण टाकते, निघायची घाई असेल तर आताच सांगा म्हणावं. कुरडया तुझ्यासाठी वेगळ्या काढल्या आहेत. मलाही त्यातली एक मिळाली.

ता. क. ३ : पत्र पाकिटात घालणार होतो, पण हे लिहायचं राहिलं. तुझ्या हातानं ठेवायचा दगड मायनं स्वतः निवडून, धुऊन, आतल्या खोलीत त्या घडी घातलेल्या गोधडीवर ठेवला आहे. जोत्याच्या सगळ्या दगडांत लहान तो आहे. मी विचारलं, हाच काहून? तर म्हणाली, त्याची कंबर दुखते. इब्राहीम मिस्त्रींनी तो हातात घेऊन पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना नाही म्हणताना ऐकलं. ते म्हणाले, माय, इतका हलका दगड पायाला न्हाई चालत. माय त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. त्यांनी दगड होता तसा गोधडीवर ठेवला, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बराबर."